चार दिवस पुडी बंद

तुळसाबाईवर काही लिहावं असं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोण? खरं काय घडलं ते तिघांनाच ठाऊक. त्यातले डॉक्टरसाहेब बदली होऊन चांद्याकडे गेले, पुढे त्यांचं काय झालं कळलं नाही. तुळसाबाई तोंड उघडायची नाही. उरलो मी, म्हणजे घनश्याम कंपाउंडर. घाटंजीपासून चार कोसांवरच्या एका लहानशा दवाखान्यात मी गेली एकोणीस वर्षं मिक्स्चर ढवळतो आणि पुड्या बांधतो. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. ते खरं आहे, आणि एके काळी मला त्याचा अभिमानही होता.

तुळसाबाई बोरमाळची. आमच्या दवाखान्यापासून बोरमाळ तीन कोस, मध्ये एक चिखलाचा नाला. बाई उंच, सडपातळ, चालायला लागली की सोबतच्या बायकांना पळावं लागे. निंदायला बसली की तिची पात सगळ्यांच्या पुढे. तिचा नवरा श्रावण हा गावच्या पाटलाकडे, सदाशिवरावांकडे, सालदार होता, म्हणजे वर्षाच्या करारानं राबणारा गडी. चार लेकरं झाली, त्यातली तीन गेली, एक राहिली. तिचं नाव नलू.

पंचावन्न साली उन्हाळ्याच्या तोंडावर तुळसाबाई नलूला कडेवर घेऊन आली. पोरगी पाच वर्षांची. तापानंतर तिला झटके यायला लागले होते. डोळे फिरायचे, हातपाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस यायचा. गावात जोडा हुंगवून झाला होता, कांदा हुंगवून झाला होता, भगताचा अंगारा लावून झाला होता. डॉक्टरसाहेबांनी पोरीला तपासलं, मग बाईला समोर बसवून तिला समजेल असं सगळं सांगितलं. त्यांची ती एक चांगली सवय होती. रोग्याला शहाणं समजून बोलायचे.

ते म्हणाले, झटका आला म्हणून घाबरायचं नाही, तो दोन-चार मिनिटांत आपला आपण उतरतो. पण कधी कधी तो उतरतच नाही, एकातून दुसरा निघत राहतो. तसं झालं की मेंदू आतल्या आत थकतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही, आणि अर्ध्या तासाच्या वर चाललं तर त्यातला काही भाग मरतो. मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. पोरगी जगली तरी पहिली पोरगी राहत नाही. म्हणून रोज संध्याकाळी एक पुडी द्यायची, झटका येऊच नये यासाठी. तरी आला आणि लांबला, तर अंगारा नको, कांदा नको, उचलून इथं आणायचं, सुई टोचून थांबवू. आणि पुडी एक दिवसही चुकवायची नाही. एकदम बंद केली तर दाबून ठेवलेला झटका दुप्पट जोरानं उसळतो.

मी शेजारीच तराजू घेऊन उभा होतो. तिनं जेवढं ऐकलं तेवढंच मीही ऐकलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तिच्या घरी घड्याळ कुठलं? दोन-चार मिनिटं उलटली हे तिला कसं कळणार? डॉक्टरसाहेब विचारात पडले, तेव्हा तीच म्हणाली की एक भाकर थापून भाजून उतरेपर्यंत मी थांबीन, दुसरी तव्यावर टाकायची वेळ आली की निघीन. डॉक्टरसाहेबांना ते मनापासून आवडलं. पुढे कितीतरी आयांना ते तुळसाबाईचंच माप सांगायचे.

पुडीत असायची फिनोबार्बिटोनची अर्धी गोळी, खलात घोटून साखरेच्या भुकटीत मिसळलेली. महिन्याच्या तीस पुड्या मी बांधून द्यायचो. पण सुरुवातीला बाई विसरायची. दिवस उगवायच्या आत रानात, दिवस बुडल्यावर घरी, मग चूल, पाणी, नवऱ्याची भाकर. आठवड्यातून दोन पुड्या उरायच्याच, आणि त्या आठवड्यात झटका हमखास. मी चिडलो, चार शब्द बोललो, आणि मग माझं डोकं चाललं. तिला विचारलं, रोज संध्याकाळी न चुकता काय करतेस? म्हणाली, देवापुढं दिवा लावते. म्हटलं, मग पुड्या देवाच्या टोपलीत ठेव. दिवा लागला की पुडी. उंदीर तिथं जात नाहीत, शेजारपाजारचा हात तिथं लागत नाही, आणि दिवा लावायला तू काही विसरत नाहीस.

युक्ती लागू पडली. इतकी की मी ती सगळ्यांनाच सांगू लागलो. क्षयाच्या गोळ्या देवाजवळ, हिवतापाच्या देवाजवळ. डॉक्टरसाहेबांनी माझी पाठ थोपटली. मी तो किस्सा घरी बायकोला सांगितला, बाजारात सांगितला, सांगतच राहिलो.

दोन वर्षं नलूला झटका म्हणून आला नाही, असं नाही. दोनदा आला, दोन्ही वेळा पहिली भाकर भाजून व्हायच्या आत उतरला. पोरगी शाळेत जाऊ लागली. शंभरपर्यंत आकडे, पाटीवर स्वतःचं नाव, बापाचं नाव. आईसोबत पुड्या न्यायला आली की माझ्या टेबलाला हनुवटी लावून उभी राहायची आणि तराजूकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "भाऊ, मी याच्यावर बसली तं मले किती गोळ्या लागतीन?" मी म्हटलं, अख्खा दवाखाना लागेल. ती इतकी हसली की आईनं तिला चापट मारली. पोरगी हुशार होती. लाडानं म्हणत नाही, तेव्हाही मी तसंच म्हणायचो.

छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. बोरमाळच्या वस्तीतले चौघं-पाचजण पायी जाऊन आले, त्यात श्रावण होता. परतल्यावर वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, गावकीची कामं बंद केली. सगळ्या वस्तीची दीक्षा मात्र पुढच्या वर्षी, सत्तावनच्या दसऱ्याला ठरली. घरोघरच्या देवांच्या टोपल्या गोळा करून नदीच्या डोहात सोडायच्या, पांढरी वस्त्रं नेसायची, आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. अंगारा नाही, ताईत नाही, भगत नाही. आता विचार केला तर डॉक्टरसाहेब दोन वर्षं जे सांगत होते त्यातलं निम्मं ते लोक एका दिवसात करून दाखवणार होते. मला तेव्हा तसं दिसलं नाही. माझ्या घरी देवी बसते, मी नऊ दिवस उपास करणारा माणूस. मला ते झोंबलं.

दसऱ्याच्या नऊ दिवस आधी, मंगळवारी, तुळसाबाई महिन्याच्या पुड्या न्यायला आली. रांग मोठी होती. तीस पुड्या मोजून तिच्या पदरात टाकताना मी मोठ्यानं म्हणालो, "देव बुडवायला निघालात, आता ताप आला की हाका कोणाला माराल? मलाच ना?" रांगेतले लोक हसले. ती हसली नाही. पदराची गाठ मारून निघून गेली. मला वाटलं, काय बोललो.

दसऱ्याच्या सकाळी काय झालं ते मला नंतर कळलं, पण ते इथंच सांगायला हवं. तुळसाबाई नदीवर पांढरं लुगडं धुवायला गेली होती. वस्तीतली माणसं बंडी घेऊन दारोदार फिरत होती. श्रावण घरी होता. त्यानं कोनाड्यातली टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि बंडीत नेऊन ठेवली. टोपलीत मरीमायचा टाक होता, खंडोबाचा होता, कागदात बांधलेला जुना अंगारा होता आणि त्याच्याच शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या एकवीस पुड्या. श्रावण दिवसभर पाटलाच्या वावरात असायचा. संध्याकाळी पोरीला कोणती पुडी कुठून दिली जाते हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कागदाच्या पुड्या म्हणजे अंगारा, आणि अंगारा तर आजपासून घरात ठेवायचाच नव्हता.

बाई परतली तेव्हा कोनाडा रिकामा. तशीच ओल्या पायांनी डोहावर धावली. टोपल्या केव्हाच पाण्यात गेल्या होत्या. काठावर सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत उभी, आणि श्रावण सगळ्यांच्या पुढे. हा माणूस जन्मभर पाटलासमोर मान खाली घालून उभा राहिलेला, तो त्या दिवशी ताठ उभा होता आणि हसत होता. लग्नाला बारा वर्षं झाली, त्याला तसं हसताना तिनं पहिल्यांदा पाहिलं. तिनं मनात म्हटलं, आज नको, घनश्यामभाऊकडून दुसऱ्या पुड्या आणता येतील. नलूचा हात धरून रांगेत उभी राहिली आणि दीक्षा घेतली. मला तिचा राग यायला हवा असं कधी कधी वाटतं. येत नाही. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दसऱ्याला दवाखाना बंद. शुक्रवारी तिच्याकडे दारव्ह्याकडचे पाहुणे. शनिवारी सकाळी ती तीन कोस चालून माझ्यासमोर उभी राहिली. डॉक्टरसाहेब रजेवर गेले होते, सोमवारी यायचे होते. नेमकी त्या दिवशीही रांग होती, आणि रांगेत तेच चेहरे.

ती म्हणाली, पुड्या पाहिजेत. मी म्हटलं, अकरा दिवसांमागं तीस दिल्या, त्या कुठं गेल्या? तिनं मागे वळून रांगेकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. मग खाली बघून म्हणाली, "सरल्या."

अकरा दिवसांत तीस. हे औषध जास्त झालं तर माणूस झोपेतच जातो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं, तू पोरीला एका वेळी जास्त पुड्या दिल्यास का? दोन? तीन? मागची रांग ऐकत होती. खरं सांगावं तर देवासोबत पुड्याही बुडाल्या असं या रांगेसमोर मला सांगायचं, आणि मी काय बोलणार हे तिला पाठ होतं. तिनं मान हलवली. हो, दिल्या.

मी तिला फाडफाड बोललो. अक्कल आहे का, पोरीला मारशील का. मग मोठ्या जबाबदारीनं, हाताची बोटं दाखवून सांगितलं, "चार दिवस पुडी बंद. अंगातलं जास्तीचं उतरू दे. बुधवारी ये, मग देतो."

तिनं विचारलं, बंद केली तर चालते का? डॉक्टरसाहेब तर नाही म्हणाले होते. मी म्हटलं, डॉक्टर मी आहे की तू?

ती गेली.

एवढीच गोष्ट मी कितीदा उलटसुलट करून पाहिली आहे. पोरीला रोज तीन पुड्या गेल्या असत्या तर ती आठवडाभर गुंगीत पडली असती. मला एकच विचारायचं होतं, नलू चालते-बोलते का? तुळसाबाई म्हणाली असती, काल दिवसभर उड्या मारत होती. मग मला कळलं असतं की पुड्या पोटात गेलेल्या नाहीत. एक प्रश्न. एवढी वर्षं रोग्यांना प्रश्न विचारून हैराण करणारा मी, तो एक विचारला नाही. कारण मी तेव्हा औषधाचा विचार करत नव्हतो, या लोकांना काही कळत नाही हे ठरवूनच बसलो होतो.

मंगळवारी सकाळी न्याहारीच्या वेळेला, पाटलाच्या वावरात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेली नलू आडवी झाली. तुळसाबाई निंदत होती. ती धावली, पोरीला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, आणि मनातल्या मनात भाकर थापायला लागली. पहिली भाकर झाली. झटका उतरला नाही. तिनं दुसरीची वाट पाहिली नाही, पोरीला खांद्यावर टाकलं आणि वाटेला लागली. श्रावण दूरच्या वावरात वखर हाकत होता. त्याला निरोप गेला, त्यानं बैल सोडले, सदाशिवरावांनी आपला छकडा दिला, एक शब्द न बोलता दिला. छकडा नाल्याच्या चिखलात रुतला. तुळसाबाई तोवर नाला ओलांडून पोरीला घेऊन पुढे निघाली होती. ती अर्धी वाट चालली, अर्धी पळाली. छकड्यानं तिला दवाखान्याच्या जवळ गाठलं.

दुपारचे साडेबारा वाजले होते. डॉक्टरसाहेबांनी हिशेब केला, अडीच तास. पोरगी अजून हलत होती, पण आता मोठे झटके राहिले नव्हते, ओठ आणि एक डोळा फडफडत होता, आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. मी काचेची पिचकारी उकळली, पॅराल्डिहाइड भरलं. त्या औषधाचा वास अंगाला चिकटतो, दोन दिवस जात नाही. एक सुई दिली. थांबलं नाही. दुसरी दिली. चार वाजता फडफड थांबली. डॉक्टरसाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, उशीर झाला.

मग त्यांनी तुळसाबाईला विचारलं, पुडी चुकली होती का? श्रावण बाहेर बैलांना पाणी पाजत होता. तिनं दाराकडे एकदा पाहिलं आणि सगळं सांगितलं. टोपली, डोह, शनिवार, रांग. आवाज चढवला नाही, रडली नाही. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, मग याला खरं काहून सांगितलं नाहीस? ती माझ्याकडे वळली.

"तुमी हासले असते, भाऊ."

मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरसाहेब मला एवढंच म्हणाले की माझी वाट पाहायची होतीस, घनश्याम. कागदावर त्यांनी लिहिलं, उपचारात खंड. कोणी पाडला, कसा पडला, ते लिहिलं नाही. तुळसाबाईनं दोघांसमोर हात जोडले आणि विनवलं की टोपलीतल्या पुड्यांचं श्रावणला सांगू नका. त्यानं आपल्या हातानं उचललेली टोपली होती. आम्ही कबूल झालो. मला तर ते सोयीचंच होतं, कारण टोपली झाकली की शनिवारही झाकला जात होता.

नलू चौथ्या दिवशी डोळे उघडून पाहू लागली. पण ती कोणाला पाहत नव्हती. पुढच्या महिन्यात बसती झाली, वर्षानं उजवा पाय ओढत चालती झाली. बोलणं गेलं ते गेलंच. पाटीवर पेन्सिल धरायला दिली तर तोंडात घालायची. कारण नसताना हसायची, आणि ते हसणं पहिल्या हसण्यासारखं अजिबात नव्हतं. झटके चालूच राहिले, लहान लहान. आई भरवील तेव्हा जेवायचं, आई धुवील तेव्हा स्वच्छ व्हायचं. आज ती अठरा वर्षांची आहे आणि आजही तसंच आहे.

तुळसाबाई दर महिन्याला पुड्या न्यायला येत राहिली, न चुकता. माझ्याशी सरळ बोलायची, तोंड फिरवायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रांगेत दुसऱ्या कोणाच्या लेकराला झटके येतात असं कळलं की ती त्या आईजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, किती दिवसाच्या पुड्या राह्यल्या? साठ साली एका कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, गंगी नावाची पोरगी झटका न उतरल्यामुळे दवाखान्यात आली, ती तुळसाबाईनं तिच्या आईला आधी दटावून ठेवलं होतं म्हणूनच वेळेत आली. वीस मिनिटांत थांबवलं. ती पोरगी पुढे धडधाकट राहिली. मी तुळसाबाईला ते आनंदानं सांगितलं. ती म्हणाली, चांगलं झालं. आणि पुड्या मोजत राहिली.

बोरमाळमध्ये मात्र वेगळंच चाललं होतं. देव बुडवले आणि पाचव्या दिवशी श्रावणच्या पोरीचं डोकं गेलं, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. मरीमाय कोपली. बाया पाणवठ्यावर बोलायच्या, माणसं पारावर बोलायची. वस्तीतल्याही दोन घरांनी गुपचूप टाक घडवून आणले. श्रावण सुरुवातीला भांडायचा. देव असता तर त्यानं दगडानं आधी माझं डोकं फोडायचं होतं, लेकराचं काहून फोडलं, असं म्हणायचा. पण भांडण करायलाही जवळ काहीतरी लागतं. पोरीला औषध चालू होतं, घरात सगळं नीट होतं, मग असं काहून झालं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते ज्यांच्याकडे होतं ते तिघेही गप्प होते.

वर्षामागून वर्षं गेली तसा श्रावण बोलेनासा झाला. पौर्णिमेला वस्तीत सगळे जमायचे तिथं जाईनासा झाला. त्रेसष्टच्या आखाडात तुळसाबाई पुड्या न्यायला आली आणि पहिल्यांदाच रांग संपेपर्यंत थांबली. तिनं सांगितलं, श्रावण मरीमायच्या ओट्यावर कोंबडा घेऊन जाणार म्हणतो, पाया पडून माफी मागणार म्हणतो. नलूचे हाल आपल्या पापानं झाले असं त्यानं धरलं आहे. जेवत नाही, झोपत नाही. तुम्ही येऊन सांगा त्याला. पुडी तुम्ही बंद केली होती म्हणून झालं, देवीनं नाही, एवढं सांगा. टोपलीचं तेवढं नका सांगू.

मी दोन रात्री विचार केला. नोकरी जाईल का, लोक काय म्हणतील, सगळा विचार केला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सायकल काढली आणि बोरमाळला गेलो.

श्रावणनं बाजेवर फडकं टाकून मला बसवलं. तो निम्मा झाला होता. नलू दाराशी बसून जोडा चावत होती, आईनं येऊन तो काढून घेतला. मी सगळं बोलायचं ठरवून आलो होतो, आणि बोललो. म्हटलं, श्रावण, त्या दसऱ्यानंतर मी नलूची पुडी चार दिवस बंद केली होती. हे औषध एकदम बंद केलं की झटका उसळतो आणि थांबत नाही, मेंदू जातो. चूक माझी आहे. तुझं पाप नाही, देवीचा कोप नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काहून बंद केली होती, भाऊ?"

इथं मी अडकलो. पुड्या सरल्या म्हणून सांगावं तर त्या का सरल्या? जास्त दिल्या म्हणून सांगावं तर दोष तुळसाबाईवर. खरं सांगावं तर ते त्याच्या दोन हातांवर जाऊन पडणार. मी तुळसाबाईकडे पाहिलं. ती चुलीजवळ उभी होती. तिनं मान हलवली, नाही.

म्हटलं, चुकून. माझी चूक झाली.

श्रावण हसला. थकलेलं, समजूतदार हसणं. "एवढ्या गावाले तुमी पुड्या देता. कोनाची चुकली नाई, माह्याच पोरीची चुकली? हिनं धाडलं तुमाले, मले समजते. तुमी चांगले मानूस आहा भाऊ, माह्यासाठी आपल्या अंगावर घेऊन राह्यले."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, देवीची शपथ घेतली. शपथेचा उलटाच परिणाम झाला, कारण मी देवी मानतो हे त्याला ठाऊक होतं, आणि मीही तिलाच भितो असं त्याला दिसलं. त्यानं माझ्यासाठी चहा मांडायला सांगितला. गुळाचा चहा प्यालो आणि उठलो.

तुळसाबाई मला गावाबाहेर बंडीच्या वाटेपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, बाई, आता टोपलीचंही सांगून टाक. अर्धं सांगून भागत नाही. पूर्ण कळलं तर तो देवीकडे तरी जाणार नाही.

"नाई जानार," ती म्हणाली. "देवीकडे नाई जानार, तो विहिरीकडे जाईन." मग पदर नीट केला. "पोरीचं डोस्कं मले नाई वाचवता आलं, भाऊ. याचं तरी राहू द्या."

त्या आखाडात श्रावण ओट्यावर गेला आणि तेव्हापासून दरवर्षी जातो. दोनच महिन्यांमागं मी त्या बाजूनं घाटंजीला चाललो होतो. निंबाखाली मरीमायचा ओटा आहे. श्रावण ओट्यावर आडवा पडून मोठ्यानं माफी मागत होता, चुकलो माय, चुकलो माय, अकरा वर्षांमागचं ते पाप आपलंच समजून. नलूला ओट्यापाशी आणल्याशिवाय त्याला चालत नाही, आणि तिला आणणारं दुसरं कोणी नाही म्हणून तुळसाबाईला यावंच लागतं. पण ती ओट्याच्या दगडांच्या आत पाय टाकत नाही आणि हात जोडत नाही. तिनं दीक्षा घेतलेली आहे. उन्हात, बाहेर, अठरा वर्षांच्या पोरीचा हात धरून ती नवऱ्याचं संपायची वाट पाहत उभी होती. तिनं मला पाहिलं. मी सायकल थांबवली नाही.